सात वाव, रेव

देवगड बंदराच्या बर्फकारखान्यात
एक प्रोग्राम एकेचाळीस दिवस चालतोय, न थांबता.
कुठल्या नौकेला किती लाद्या, कुणाची उधारी,
अमोनियाच्या नळीतला दाब,
सगळं त्याच्या पोटात. कागदावर काहीच नाही.

आज आकडे जुळत नाहीत.
इनास फर्नांडिस म्हणतो, बंद कर नि परत चालू कर.
मी म्हणते, बंद केला तर जे चुकलंय तेही पुसलं जाईल.
धक्क्यावर सतरा ट्रॉलर,
पहाटेची ओहोटी धरून सुटणारे, बर्फाची वाट बघत.

मग मी डीबगर लावते.
तो अर्ध्या वाक्यात थांबतो,
वल्हं पाण्यात शिरण्याआधी हवेतच राहावं तसा.

आधी त्याची सगळी रजिस्टरं उतरवून घ्यायची.
एकही आकडा सुटता कामा नये.
मग चळतीच्या टोकापासून
एकशे अठ्ठावीस बाइट सोडून खाली सरकायचं.
त्या पट्ट्यात त्याचं काही अर्धवट ठेवलेलं असू शकतं,
कुणाला न सांगता ठेवलेलं.
दुसऱ्याच्या घरात चूल पेटवावी,
पण त्याच्या राखेत हात घालू नये.

मग परतीचा पत्ता. हा मात्र खोटा.
तिथे सापळा.
काम संपवून तो वळेल
तो स्वतःच्या वाटेवर नाही, माझ्या हातात येईल.
आणि शेवटी, पुढचं पाऊल कुठे ते सांगणारं रजिस्टर
त्याच्याच एका फंक्शनकडे फिरवायचं:
शिल्लक मोज.
चल.

तो चालतो. स्वतःच्याच पायांनी
स्वतःच्याच कोठारात उतरतो, लाद्या मोजतो.
कुणी विचारलं, त्याला ठाऊक नसतं.

बाबा असे बोलायचे, झोपेत.
तीस वर्षं तांडेल होते.
मी सातवीत. उशाशी बसून हळूच विचारायचे,
बाबानू, पाणी किती?
सात वाव, रेव.
आवाज जागेपणीचाच. हात गादीवरून खाली लोंबता,
बुडीद सोडल्यासारखा.
बत्ती खंय दिसता?
डाव्या हाताक.
सकाळी चहा पिताना काही आठवायचं नाही त्यांना.
मी सांगायचेही नाही.
मला वाटायचं, माणूस असा वाचता येतो,
पानाची घडी न मोडता.

एकदाच चुकीचं विचारलं.
बाबल काको खंय रवलो?

ते थांबले. श्वाससुद्धा.

आता मला ठाऊक आहे ते काय होतं.
फंक्शनला हवं असतं एक कुलूप उघडायला,
किल्ली दुसऱ्या धाग्याच्या मुठीत,
आणि तो धागा मीच थांबवून ठेवलेला.
नकार कुणीच देत नाही.
फक्त वाट बघतात, दोघंही.

आई धावत आली, तोंडावर पाणी मारलं.
ते उठले, खळ्यात गेले,
उजाडेपर्यंत फाटक्या जाळ्याला गाठी मारत बसले.
काय झालं, ते त्यांना कधीच कळलं नाही.
पण त्या रात्रीनंतर ते उजव्या कुशीवर झोपू लागले,
भिंतीकडे तोंड करून,
आणि पाणी किती विचारलं तरी
गप्प.

सापळा वाजतो.
उत्तर पहिल्या रजिस्टरात: दोनशे बारा.
बाहेरच्या पाटीवर दोनशे चाळीस.
अठ्ठावीस लाद्या कुठेतरी दोनदा मोजलेल्या.
इनास बोटाने रकाने शोधू लागतो.

मी रजिस्टरं परत ठेवते, जशीच्या तशी,
खोटा पत्ता उचलते, चळत होती तिथे आणते.
वल्हं पाण्यात शिरतं.

कळला नाय त्याका? इनास विचारतो.
नाय, मी म्हणते.
घड्याळ तेवढं चार मिनिटं पुढे गेलेलं दिसेल त्याला,
एवढंच.

मग मी बराच वेळ दाबाचा आकडा बघत बसते,
ढळतोय का कुठे,
कुस बदललीय का त्याने.
खाली घसरणीवरून पहिली लादी सुटते,
धडधडत, धक्क्याकडे.